कानातील अखंड आवाज आणि ‘सवय करून घ्या’ हा अर्धवट सल्ला

पारोळा तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांचे वय ५४ असून त्यांनी अठरा हंगाम जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, काम केले आहे आणि यंदाही करीत आहेत. गेल्या नऊ महिन्यांपासून दोन्ही कानांत, त्यातही डाव्या कानात अधिक, रातकिडे ओरडावेत तसा आवाज अखंड येतो. दिवाळीनंतर तो फारच वाढला असून रात्री दोननंतर झोप लागत नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कान स्वच्छ असल्याचे सांगितले, तीन महिने गोळ्या दिल्या आणि शेवटी ‘याला औषध नाही, सवय करून घ्या’ असे सांगून घरी पाठविले. मेंदूत गाठ तर नाही ना, पुढे पूर्ण बहिरेपण येईल का, मोबाइलवरील जाहिरातीत दिसणारे तेल वापरावे का आणि मुंबईला जाऊन लेसर उपचार घ्यावेत का, असे त्यांनी विचारले आहे.

आपण चार प्रश्न विचारले असले, तरी त्या चारही प्रश्नांच्या तळाशी एकच प्रश्न आहे, असे मला वाटते: हा आवाज असाच राहिला, तर मी जगायचे कसे? जळगावात श्रवणतज्ज्ञ म्हणून काम करताना गेल्या बावीस वर्षांत हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या शब्दांत आलेला आहे. कोणी ‘कानात शिट्टी वाजते’ म्हणतो, कोणी ‘कुकर लावल्यासारखे वाटते’ म्हणतो. एका आजीबाईंनी ‘मना कानमा भुंगा शिरेल शे’ असे सांगून कानात खरोखरच बॅटरी मारून पाहायला लावली होती. आपल्याला मिळालेला सल्ला चुकीचा नाही, पण तो अर्धाच आहे. पलीकडे जायचे आहे त्या माणसाला ‘तापी ओलांडा’ एवढेच सांगावे आणि नाव कोठे लागते ते सांगू नये, तसे ते झाले. सवय होते, पण ती कशी होते आणि कशामुळे अडते, हे कोणीतरी बसून समजावून सांगावे लागते.

तत्पूर्वी काही गोष्टी आपल्या कानांच्या स्थितीवर अवलंबून आहेत, हे स्पष्ट केले पाहिजे. आपल्या मजकुरात कोठेही श्रवणचाचणीचा, म्हणजे ऑडिओमेट्रीचा उल्लेख नाही. कान स्वच्छ असणे आणि ऐकू नीट येणे या दोन वेगळ्या बाबी आहेत. कानात प्रकाश टाकून डॉक्टरांना कानाची नळी आणि पडदा दिसतो, परंतु ज्या आतल्या कानात बहुधा आपला दोष आहे, तो तेथून दिसत नाही. आवाजबंद खोलीत, दोन्ही कानांची स्वतंत्रपणे, किमान २५० ते ८,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे जाड स्वरांपासून बारीक स्वरांपर्यंत, तपासणी झाल्याखेरीज आपल्या बाबतीत कोणीही ठामपणे काही सांगू नये, आणि मीही सांगणार नाही. ज्यांचे कान वर्षानुवर्षे गोंगाटात गेले, त्यांच्या या चाचणीच्या आलेखात बहुतेक वेळा ४,००० हर्ट्झच्या आसपास एक खळगा दिसतो. तो दिसला, तर निम्मे कोडे सुटते.

डाव्या कानातील आवाज अधिक आहे, एवढ्यावरून घाबरण्याचे कारण नाही. मात्र आवाज एकाच कानात असेल किंवा दोन कानांच्या ऐकण्यात लक्षणीय फरक आढळला, तर एमआरआय करून ऐकण्याच्या नसेवर गाठ नाही ना, हे पाहतात. अशी गाठ क्वचितच आढळते, ती कर्करोगाची नसते आणि सहसा हळूहळू वाढते. म्हणून ही तपासणी धावपळ न करता, पण टाळाटाळही न करता करावी. आवाज नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, तर मामला वेगळा असतो. त्यात रक्तदाब, रक्तातील हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि कानाजवळील रक्तवाहिन्या तपासाव्या लागतात. गरगरणे, चेहऱ्याची एक बाजू वाकडी होणे किंवा कानातून स्राव येणे, यांपैकी काही असेल तरीही तज्ज्ञांकडे पुन्हा गेलेच पाहिजे. आणि एखाद्या कानाने एकाएकी, दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासे झाले, तर ती तातडीची बाब समजावी. त्यावर स्टिरॉइडचे उपचार जितक्या लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, सुरू होतील तितका लाभ अधिक असतो. ‘सर्दीने दडे बसले असतील’ म्हणून महिनाभर घरी बसलेले रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांना गेलेली वेळ परत देता येत नाही.

आता आपल्या मजकुरातील मला सर्वांत बोलके वाटलेले वाक्य: ‘दिवाळीनंतर आवाज फारच वाढला.’ हे वाक्य मी दरवर्षी हिवाळ्यात ऐकतो, आणि ज्यांचा जिनिंगशी काहीही संबंध नाही अशांकडूनही ऐकतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत रात्रभर कूलर घरघरत असतो, तो बंद झाला की पंखा असतो, आणि दिवाळीनंतर थंडी पडली की पंखाही बंद होतो. खिडक्या लागतात, गाव लवकर निजते आणि खोलीत कानातल्या आवाजाशिवाय दुसरा आवाज उरत नाही. आवाज तेवढाच असतो, पण त्याच्याभोवतीचे सगळे आवाज गेलेले असतात. दिवसा न दिसणारा कंदील रात्री दोन शेते पलीकडून दिसावा, तसे हे आहे.

परंतु आपल्या बाबतीत दुसरे कारणही तितकेच संभवते, कारण जिनिंगचा हंगामही दिवाळीच्या सुमारासच सुरू होतो. या दोहोंतील कोणते कारण खरे, हे आपण स्वतःच काही दिवसांत ओळखू शकाल. कामाची पाळी संपवून बाहेर आल्यावर कानांना दडे बसल्यासारखे वाटते का, घरातील माणसांचे बोलणे तासदोन तास दुरून आल्यासारखे ऐकू येते का, आणि त्याच वेळी रातकिडे चढतात का, हे पाहावे. सुटीच्या दिवशी ते उतरत असतील, तर गोंगाट अजूनही कानांना इजा करीत आहे असे समजावे. याउलट दिवसा बाजारात किंवा बसस्थानकावर आवाजाची आठवणही होत नसेल आणि फक्त अंथरुणावर पाठ टेकल्यावर तो येत असेल, तर दोष मुख्यतः शांततेचा आहे. दोन्ही कारणे एकत्र असण्याचीही शक्यता आहे आणि उपाय दोन्हींवर आहेत.

हा आवाज निर्माण कसा होतो, हे समजून घेणे उपचाराचाच भाग आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. आतल्या कानात ध्वनीचे रूपांतर नसेच्या संदेशात करणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात. गोंगाटाने, वयाने किंवा काही औषधांनी त्या मरतात आणि माणसाच्या कानात त्या पुन्हा उगवत नाहीत. ज्या स्वरांच्या पेशी गेल्या, त्या स्वरांचा संदेश मेंदूकडे जाणे कमी होते आणि मेंदू ती उणीव भरून काढण्यासाठी आपली संवेदनशीलता वाढवितो, असे आज बहुतेक संशोधक मानतात. जुन्या रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसे, तेव्हा आपण आवाज वाढवीत असू, आणि गाण्याबरोबर खरखरही वाढत असे. आपले रातकिडे ही ती खरखर आहे. ती वेडेपणाची खूण नाही, मेंदू बिघडल्याचीही नाही. निरोगी माणसांतही ती दडलेली असते. अमेरिकेत हेलर आणि बर्गमन यांनी १९५३ साली चांगले ऐकू येणाऱ्या ८० प्रौढांना ध्वनिरोधक खोलीत काही मिनिटे बसविले, तेव्हा त्यांतील ९४ टक्के लोकांनी काही ना काही आवाज ऐकू आल्याचे सांगितले होते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रातही कानाच्या २८ रोगांत कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड या कान वाजण्याच्या दोन प्रकारांची गणना आहे. म्हणजे डीजे आणि जिनिंग येण्याच्या कितीतरी आधीपासून माणसांचे कान वाजत आले आहेत.

पूर्ण बहिरेपणाच्या भीतीविषयी येथेच सांगतो. कानातील आवाज बहिरेपण आणत नाही. ऐकण्यात आलेल्या तुटीमुळे आवाज येतो, हा क्रम लक्षात ठेवावा. ती तूट पुढे वाढेल की नाही, हे वयावर आणि आपण कानांना यापुढे किती गोंगाट सोसायला लावता, यावर बरेचसे अवलंबून आहे.

माझ्या कामात मला सर्वांत अधिक शिकविणारी गोष्ट म्हणजे आवाजाची मोजणी. आम्ही रुग्णाला यंत्रातून वेगवेगळे स्वर ऐकवून ‘तुमच्या कानातला आवाज याच्याइतका मोठा आहे का’ असे विचारीत जातो. ज्याला आपला आवाज गिरणीच्या भोंग्याएवढा वाटत असतो, त्याचाही आवाज बहुतेक वेळा त्या स्वराला ऐकू येण्याच्या त्याच्या किमान पातळीपेक्षा दहा-पंधरा डेसिबलहून अधिक भरत नाही. अनेकांना हे खरे वाटत नाही, आणि काहींना तर आपल्या दुःखावर अविश्वास दाखविला जात आहे असे वाटून रागही येतो. तो राग मला समजतो. आवाज लहान असतो, म्हणून त्रास लहान असतो, असे मुळीच नाही. एकाच मापाचा आवाज असलेल्या दोन माणसांपैकी एक जण निवांत शेती करतो आणि दुसऱ्याने सहा महिने झोप गमावलेली असते. फरक आवाजाला मेंदूने दिलेल्या अर्थात असतो.

यासाठी मी भुसावळचे उदाहरण देतो. स्थानकालगतच्या रेल्वे वसाहतीत राहणारी माणसे रात्रभर गाड्यांच्या आवाजात गाढ झोपतात, आणि त्यांच्याकडे मुक्कामाला आलेला पाहुणा सकाळपर्यंत गाड्या मोजत बसतो. कान दोघांचेही तसेच आहेत. परंतु वसाहतीतल्या माणसाच्या मेंदूने गाडीचा आवाज ‘बिनकामाचा’ म्हणून केव्हाच बाजूला काढलेला असतो, आणि तोच माणूस शेजारच्या खोलीत तान्हे मूल कुरकुरले की जागा होतो. सवय म्हणजे हेच बाजूला काढणे. ते हुकमाने होत नाही. मेंदूला जो आवाज धोक्याचा वाटतो, तो त्याला बाजूला काढता येत नाही. आपल्याला एका दमात ‘औषध नाही’ आणि ‘सवय करा’ असे सांगितले गेले. पहिल्या वाक्याने आवाज असाध्य रोगाची खूण ठरला आणि मग दुसरे वाक्य पाळणे जवळजवळ अशक्य झाले. म्हणून चाचण्या पूर्ण करून ‘यामागे गंभीर काही नाही’ अशी मेंदूची खात्री पटविणे, ही सवयीची पहिली पायरी आहे. तपासणीवर मी इतका भर का देतो, ते यावरून लक्षात यावे.

दुसरी पायरी ध्वनीची आहे आणि ती आज रात्रीपासून सुरू करता येईल. खोलीत पूर्ण शांतता ठेवू नये. थंडीत अंगावर वारा नको असेल, तर पंखा भिंतीकडे तोंड करून लावावा, किंवा मोबाइलवर पावसाचा वा वाहत्या पाण्याचा आवाज हळू लावून तो उशापासून दूर ठेवावा. येथे एक चूक फार जण करतात: रातकिडे पूर्ण बुडतील इतका मोठा आवाज लावतात. तसे करू नये. बाहेरचा आवाज कानातल्या आवाजापेक्षा किंचित कमी, दोन्ही एकमेकांत मिसळून ऐकू येतील असा ठेवावा. जो आवाज ऐकूच येत नाही, त्याची मेंदूला सवय कशी व्हावी? मध्यरात्री जाग आल्यावर घड्याळ पाहू नये आणि वीसएक मिनिटांत झोप आली नाही, तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे काम करावे. चहा सोडल्याने कानातला आवाज थांबतो, याला भक्कम पुरावा नाही, पण संध्याकाळनंतरचा चहा झोपेच्या आड येतो, म्हणून तेवढा टाळावा.

तिसरी बाब श्रवणयंत्राची आहे. चाचणीत तूट आढळली, तर ती थोडी असली तरी दोन्ही कानांना यंत्रे लावून पाहण्याविषयी अवश्य विचारावे. बाहेरचे गेलेले स्वर मेंदूला परत मिळू लागले, की त्याला खरखर वाढविण्याची गरज कमी भासते. शिवाय बोलणे समजून घेण्याचा ताण हलका होतो. अनेकांना यंत्र लावलेले असेपर्यंत आवाजाचा विसर पडतो, सर्वांना पडत नाही. त्यामुळे काही दिवस वापरून पाहण्याची मुभा असल्याशिवाय यंत्र विकत घेऊ नये, आणि चाचणी न करता यंत्र देणाऱ्याच्या दुकानाची पायरी चढू नये.

चौथी बाब सांगितली की समोरचा माणूस बहुधा खुर्चीत मागे सरकतो. कानातील आवाजाच्या त्रासावर आजवर सर्वांत चांगला पुरावा आहे तो बोधात्मक वर्तनोपचाराचा, म्हणजे सीबीटी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानसोपचाराचा. तो आवाज कमी करीत नाही, परंतु आवाजाने होणारी तगमग कमी करतो. ‘आज आवाज आहे म्हणजे आज लग्नाला जाऊ शकणार नाही’ अशा विचारांची साखळी ओळखून ती सोडविणे, टाळलेल्या गोष्टी पुन्हा सुरू करणे आणि अंग सैल सोडायला शिकणे, असे त्याचे स्वरूप असते. ‘म्हणजे मी वेडा झालो का’ असे मला विचारले जाते. कंबरदुखीसाठी व्यायाम शिकविणाऱ्याकडे गेल्याने जसे कोणी पांगळे ठरत नाही, तसेच हेही आहे. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा विभागही आहे आणि मानसोपचार विभागही आहे. आपल्याला धुळे जवळ पडेल. मुंबईला जायचेच असेल, तर वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था श्रवणाच्या कामासाठीच आहे. लेसरसाठी मात्र जाऊ नये, कारण त्याचा खात्रीलायक उपयोग सिद्ध झालेला नाही. आणि एखाद्या रात्री ‘यापेक्षा मेलेले बरे’ असा विचार मनात आला, तर तो लपवू नये. टेलि-मानस ही शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आणि मराठीतही उपलब्ध आहे, आणि घरातील एका तरी माणसाला हे ठाऊक असावे.

गोळ्या आणि तेल यांविषयी थोडक्यात सांगतो. कानातील आवाज थांबविते असे सिद्ध झालेले औषध आजतागायत नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत जिंको या झाडाचा अर्क, झिंक म्हणजे जस्त आणि झोपेसाठी घेतले जाणारे मेलाटोनिन यांची शिफारस करू नये, असे म्हटले आहे, आणि श्रवणयंत्र व सीबीटी यांची मात्र शिफारस केली आहे. जाहिरातीतील तेलाचे नाव मी विचारणार नाही, कारण नाव बदलले तरी माझे उत्तर बदलणार नाही. पडद्याला बारीक छिद्र असेल तर कानात तेल घालणे धोक्याचे ठरते, आणि तेलाने ओलसर राहिलेल्या कानात बुरशी धरलेली मी कितीदा पाहिली आहे. लसूण कढवून घातलेले गरम तेल आपल्याकडे अजूनही घरोघरी आहे. आईचा हात त्यामागे असला, तरी आतल्या कानापर्यंत ते पोहोचत नाही. मात्र सध्या चालू असलेल्या सर्व औषधांची यादी डॉक्टरांना अवश्य दाखवावी. ॲस्पिरिनचे मोठे डोस, लघवी वाढविणारे फ्युरोसेमाइड, ॲमिकॅसिनसारखी प्रतिजैविक इंजेक्शने आणि कर्करोगावरील सिस्प्लॅटिन यांनी कानांवर परिणाम होऊ शकतो. तरीही कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये.

आता कामाविषयी. हातभर अंतरावरील माणसाशी बोलण्यासाठी आवाज चढवावा लागत असेल, तर तेथील गोंगाट साधारण ८५ डेसिबलच्या वर आहे असे समजतात, आणि आठ-आठ तास तेथे उघड्या कानांनी उभे राहणे सुरक्षित नसते. जिनिंगमध्ये हाताशी कापूस असतो, म्हणून बहुतेक कामगार त्याचाच बोळा कानात घालतात आणि आपण काळजी घेतली असे मानतात. परंतु साध्या कापसाने गोंगाट फारच थोडा अडतो. फोमचे इअरप्लग नीट वळून आत बसवावेत, किंवा इअरमफ वापरावेत, आणि ते मालकाकडे मागावेत, कारण गोंगाटाने येणारे बहिरेपण हा कायद्याने नोंद करण्याजोगा व्यावसायिक आजार आहे. मात्र पाळी संपली की ते काढून ठेवावेत. आवाजाच्या धास्तीने घरात, शेतात, बाजारातही कान झाकून फिरणाऱ्या माणसांचे कान अधिकच हळवे होतात आणि रातकिडे अधिकच ठळक होतात. कानबाईच्या मिरवणुकीत डीजेजवळ उभे असाल, तेव्हा मात्र ते घालायला लाजू नये.

हे सर्व सुरू केल्यावर किती दिवसांत फरक पडेल, असे आपण विचारालच. बहुतेकांना काही महिने लागतात, आणि त्यांतही सर्दी, जागरण किंवा घरातील काळजी यांनी आवाज मध्येच उसळतो. म्हणून आवाज आज किती आहे, याची रोज नोंद करू नये, कारण नोंद करण्यासाठी त्याच्याकडे लक्ष द्यावे लागते. त्याऐवजी किती तास झोप झाली आणि आवाजामुळे कोणते काम राहिले, एवढेच आठवड्यातून एकदा लिहावे. घरच्यांनाही ‘आज कसा आहे आवाज’ असे विचारू नका, म्हणून सांगावे. माझ्याकडील रुग्ण बरे होऊ लागले की ‘आवाज गेला’ असे क्वचितच म्हणतात. ‘तुम्ही विचारले म्हणून आठवला, आहे अजून’ असे म्हणतात.

श्रवणचाचणीची वेळ सकाळची घ्यावी आणि आदल्या दिवशी पाळी करू नये. चाचणीपूर्वी सोळाएक तास कानांना गोंगाटापासून विश्रांती मिळाली नाही, तर आलेख आहे त्याहून वाईट येतो. सोबत पत्नीला किंवा मुलाला न्यावे. टीव्हीचा आवाज किती वाढवावा लागतो, हे आपल्यापेक्षा त्यांना अधिक बरोबर सांगता येईल. आणि आलेखाची प्रत मागून घेऊन घरी जपून ठेवावी, कारण वर्षभराने पुन्हा चाचणी केल्यावर तिच्याशीच ताडून पाहायचे आहे.